गणपतीतला स्टँडअप: कुणाचं बघायचं, काय शिकायचं

ए-३०३: यंदा सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशी स्टँडअपला, म्हणजे माइक घेऊन एकट्याने हसवायला, ४५ मिनिटं ठेवली आहेत. सहा जणांनी नावं दिलीत. मुलं विचारतायत, कुणाचं बघून शिकायचं? आवडते विनोदवीर लिहा, पण हसू नेमकं कशातून येतं तेही सांगा.

बी-१०१: जाकिर खान. इंदूरचा माणूस, बोलतो अगदी घरात बसल्यासारखा. तो आधी माणूस उभा करतो. वडील, मित्र, नातेवाईक. त्या माणसाचा स्वभाव आपल्याला कळला की मग साध्या वाक्यालाही हशा येतो.

सी-५०४: अभिषेक उपमन्यूची रीत उलटी. एक हशा ओसरायच्या आत पुढचा टॅग. टॅग म्हणजे नवीन प्रस्तावना न बांधता त्याच गोष्टीवर मारलेला दुसरा-तिसरा फटका. मुलांनी त्याची लिहिण्याची घट्ट वीण बघावी, वेग उचलू नये. आपल्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरभर बोललं की शब्द एकमेकांत मिसळतात.

ए-७०२: लक्ष्मण देशपांडे कुणालाच आठवले नाहीत? ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस ५२ पात्रं करायचा. त्याला स्टँडअप म्हणायचं की एकपात्री, हा वाद राहू दे. मुलांनी त्यांची नजर बघावी. एक पात्र डावीकडे वर बघून बोलतं, दुसरं उजवीकडे खाली बघून उत्तर देतं. त्यामुळे ‘मग तो म्हणाला, मग ती म्हणाली’ असं सांगावंच लागत नाही. मराठवाडी बोलीसुद्धा टिंगलीसाठी आणलेली नाही, ती त्या माणसांची भाषा आहे.

सी-५०४: काका, हे पटलं. नक्कल आणि पात्र यात फरक हाच.

डी-२०३: मला भाषेबद्दल सांगायचंय, कारण मुलं इंग्रजी बघून मराठीत लिहितात आणि तिथेच विनोद पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे हसवणारा शब्द आधीच बोलून होतो आणि मागे ‘लावली होती’ची शेपटी उरते. लोक हसायला लागतात तेव्हा वक्ता अजून बोलतोय! हे बघा:
‘लिफ्ट बंद असल्याची सूचना पाचव्या मजल्यावर लावली होती.’ हसू येत नाही.
‘लिफ्ट बंद असल्याची सूचना लावलीये. कुठे? पाचव्या मजल्यावर.’ आता येतं.
धक्क्याचा शब्द अगदी शेवटी. ‘कुठे?’नंतर एक श्वास थांबायचं. ‘मजल्यावर’नंतर तोंड बंद, हशा उतरायला लागेपर्यंत. टॅग हवा तर: ‘खाली बाण काढलाय, जिना इकडे.’ पु. ल. ऐकताना कान तिथेच ठेवा, वाक्य कुठल्या शब्दावर टाकतात आणि त्यानंतर किती थांबतात.

बी-१०१: ताई, कॉलबॅकही सांगा ना.

डी-२०३: हो. कॉलबॅक म्हणजे आधी हशा मिळालेली गोष्ट नंतर परत आणणं. मध्ये दोन वेगळे विषय होऊ द्यायचे. मग शेवटी सेक्रेटरींचा विषय काढून ‘ते भेटतात कुठे? पाचव्या मजल्यावर, सूचना वाचताना.’ लगेच आणला तर तो टॅगच होतो, आणि पहिल्या वेळी नीट हशा आला नसेल तर परत आणायचाच नाही. लोकांच्या लक्षात नसलेली गोष्ट परत आणून उपयोग नाही.

ई-४०१: विषय कुठले चालतील? पार्किंग, पाणी, मेंटेनन्स?

ए-७०२: चालतील, पण चिमटा कमिटीला किंवा स्वतःला. वॉचमन, घरकामाच्या मावशी, कुणाचं वजन, कुणाचे उच्चार, हे नको. त्यांना समोरून उत्तर देता येत नाही आणि हॉल गप्प होतो. एकदा गप्प झालेला हॉल पाच मिनिटांत परत वळवणं नवख्याला जमत नाही.

सी-५०४: ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही स्टेज मिळतं त्या कार्यक्रमात, साधारण चार-पाच मिनिटंच देतात, तेच ठेवा. पाच मिनिटांसाठी ५०० शब्दांवर लिहू नका, हशालाही वेळ लागतो. सगळ्यात चांगला विनोद शेवटी, दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवातीला. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाईलचा दिवा दाखवायचा, म्हणजे ‘एक मिनिट उरलं’. आणि पाठांतर वाक्यावाक्याचं नको, एक शब्द विसरला की सगळं अडतं. मुद्द्यांचा क्रम पाठ, शिवाय प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य शब्दशः पाठ.

ए-३०३: खुर्च्यांचं काय?

सी-५०४: स्टेजपासून चार-पाच फुटांवर पहिली रांग, खुर्च्या चिकटून. हसू शेजाऱ्याकडून लागतं, विखुरलेले लोक हसत नाहीत. प्रेक्षकांवरचे दिवे मंद, स्टेजवर उजेड. पावभाजी त्यानंतरच, ताटं फिरायला लागली की कुणी ऐकत नाही. आणि लहान मुलांच्या नाचानंतर लगेच ठेवू नका, पालक मुलांना घेऊन उठतात.

डी-२०३: माइक हातात घेतला की रिकामा स्टँड मागे सरकवायला शिकवा, नाहीतर तो पाच मिनिटं मध्येच उभा राहतो. माइक हनुवटीजवळ, तोंडापासून दोन-तीन बोटं. पंचच्या, म्हणजे हसवणाऱ्या शब्दाच्या वेळी मुलं माइक खाली नेतात, शेवटचा शब्द ऐकूच जात नाही.

ए-३०३: साउंडवाल्यांना एक वायरचा माइक आणि सरळ स्टँड सांगते. तालीम रविवारी संध्याकाळी ६ वाजता, क्लब हाउस. ताई आणि काका, तुम्ही दोघं समोर बसाल का?

ए-७०२: येतो. मुलांना लिहिलेले कागद घेऊन यायला सांग.