मदत हवी: सांबा सर्व्हरवरच्या फाइल स्क्रिप्टमधून रीडओन्ली होत नाहीत, एरर ५

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात खोतीच्या काळातले मोडी कागद स्कॅन करणं चालू आहे. दर पावसाळ्यात दमट हवेने त्यातले आणखी काही खराब होतात. उद्या कदाचित स्कॅन एवढंच हाती राहील, म्हणून तपासून झालेल्या फाइलला चुकूनही कोणाचा हात लागू नये असं फार वाटतं.

फाइल उबुंटू १८.०४ (लिनक्स) वर आहेत; लिनक्सवरच्या फाइल विंडोजला नेटवर्कवरून दाखवणारा प्रोग्रॅम सांबा ४.७. आम्ही सगळे विंडोजवरून काम करतो. पायथनच्या सीटाइप्समधून (विंडोजची फंक्शन्स बोलावायची सोय) फाइलच्या खुणा बदलणारं सेटफाइलअ‍ॅट्रिब्यूट्स कॉल करते. आधी जुनी किंमत वाचून तिच्यात रीडओन्लीची बिट, म्हणजे १, ऑर करते, म्हणजे बाकीच्या बिट न हलवता मिसळते, त्यामुळे हिडन, अर्काइव्ह तसेच राहतात. मी स्कॅन केलेल्या फाइलवर हे लगेच होतं. इतरांनी केलेल्यांवर गेटलास्टएरर ५, म्हणजे 'परवानगी नाही', देतं. आणि त्याच फाइल मी उघडून बदलू शकते, पुसूही शकते! ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पाथ दिला, तरी तेच.

उत्तर:
ताई, स्क्रिप्ट बरोबर आहे, अडचण सर्व्हरवर आहे. सांबा ४.९ च्या आधी 'स्टोअर डॉस अ‍ॅट्रिब्यूट्स' (रीडओन्लीसारख्या विंडोजच्या खुणा वेगळ्या साठवणारं सेटिंग) मुळात बंद असायचं. मग रीडओन्ली ठेवायला वेगळी जागाच नसते. सांबा लिनक्सची लिहिण्याची परवानगी काढून घेतो, म्हणजे चमोड (परवानग्या बदलणारी लिनक्सची क्रिया) करतो, आणि चमोड फक्त फाइलच्या मालकाला किंवा रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, करता येतं. तुमच्या ग्रुपला लिहिता येतं की नाही हे तिथे कोणी विचारत नाही.

एसएमबी डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, त्या शेअरखाली (तुमच्या सामायिक फोल्डरच्या भागात) 'स्टोअर डॉस अ‍ॅट्रिब्यूट्स' यस आणि 'मॅप रीडओन्ली' (रीडओन्लीची सांगड लिनक्सच्या परवानगीशी घालणारं सेटिंग) नो करा, सांबा रीस्टार्ट करा. पुढे ही माहिती फाइलसोबत जास्तीची माहिती ठेवायच्या जागेत, म्हणजे एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जाईल आणि लिहिण्याची परवानगी असलेल्या कोणालाही ती बदलता येईल.

मूळ प्रश्नकर्ती:
झालं! मनापासून आभार. पण आरसिंकने (फाइलच्या प्रती करणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या लिनक्स मशीनवर बॅकअप घेतो, तिथल्या प्रतीत रीडओन्ली दिसत नाही.

उत्तर:
आरसिंकला मोठ्या लिपीतला एक्स पर्याय द्या, त्याशिवाय एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट सोबत जात नाहीत. मात्र एवढ्यावर विसंबू नका. रीडओन्लीची खूण तुमच्यापैकी कोणीही प्रॉपर्टीजमध्ये जाऊन काढू शकतो. असे कागद परत मिळायचे नाहीत, तेव्हा तपासून झालेलं फोल्डर सर्व्हरवर वेगळ्या युजरच्या मालकीचं करा, आणि फोल्डर व आतल्या फाइल दोन्हींवर ग्रुपला फक्त वाचायची परवानगी ठेवा. फोल्डरवर लिहिता येत असेल तर फाइल पुसताही येते.