रुग्णवाहिकेत लहान मुलांसाठी बाहुली ठेवावी का?

प्रश्न : १०८ रुग्णवाहिकेवरील वैद्यकीय अधिकारी, रायगड जिल्हा

नमस्कार. आमच्या भागातून येणाऱ्या लहान रुग्णांमध्ये विंचूदंश, सर्पदंश, भाजणे, झटके आणि दम लागणे ही कारणे जास्त असतात, आणि आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता घाटाचा असल्यामुळे मूल बराच वेळ आमच्या ताब्यात असते. घाबरलेले मूल ऑक्सिजनचा मास्क ओढून काढते, सलाईन लावलेला हात झटकते, आणि ते किंचाळत असताना मोजलेली नाडीची गती आजारामुळे वाढली आहे की भीतीमुळे, हे ठरवणे अवघड जाते. जवळच्या गावातील महिला बचत गटाने आमच्या गाडीसाठी कापडी बाहुल्या शिवून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र, जेथे औषधांनाच जागा पुरत नाही तेथे खेळणी कशाला, असे एका सहकाऱ्याचे मत पडले. बाहुलीचा उपचाराच्या दृष्टीने खरोखर उपयोग होतो का, आणि संसर्गाचा धोका कसा टाळावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ, नाशिक

डॉक्टर, आपल्या सहकाऱ्याची शंका समजण्यासारखी असली तरी बाहुलीला करमणुकीचे साधन मानल्यामुळे ती निर्माण झाली आहे, असे मला वाटते. मुलाचे रडणे थांबवणे हा कित्येक आजारांत उपचाराचाच भाग असतो. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिकेचा व्यास साधारण ४ मिलिमीटर धरला आणि आतून चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर तो व्यास २ मिलिमीटर उरतो आणि शांत श्वासालाही होणारा अडथळा १६ पटींनी वाढतो. मूल रडू लागले की हवेचा प्रवाह खळबळीचा होऊन तो त्याहूनही वाढतो. म्हणून घशात सूज असलेल्या, श्वास घेताना घरघर आवाज करणाऱ्या मुलाला आईपासून दूर करू नये, त्याला आडवे पाडू नये आणि मास्क तोंडावर दाबून धरू नये. अशा वेळी मास्क आधी बाहुलीच्या तोंडाला लावून दाखवला आणि नंतर आईच्या हातात देऊन मुलाच्या नाकाजवळ धरायला सांगितला, तर पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

दुसरी गोष्ट तपासणीची. आजारी मुलाकडे पाहताक्षणी आपण त्याचे एकंदर रूप, श्वासाचे कष्ट आणि त्वचेचा रंग पाहतो. त्यांतील पहिल्या निरीक्षणात मूल समोरच्या वस्तूकडे लक्ष देते का, नजर स्थिर ठेवते का आणि समजूत काढल्यावर शांत होते का, हेच पाहायचे असते. बाहुली पुढे करताच हात पुढे करणारे मूल आणि तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारे, निपचित पडलेले मूल यांच्यातला फरक कोणतेही यंत्र लावण्यापूर्वी कळतो. मूल अचानक शांत झाले म्हणून समाधान मानू नका. ते बाहुलीमुळे शांत झाले की थकून आणि ग्लानी येऊन, हे आधी तपासा.

आपण कोकणात काम करता, म्हणून सर्पदंशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत रुग्णाला धीर देणे आणि दंश झालेला अवयव हलू न देणे या अगदी पहिल्या पायऱ्या आहेत, आणि धडपडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी शब्दांनी साध्य होत नाहीत. मण्यारीच्या दंशात तर सूज आणि वेदना फारशी नसते. पापण्या जड होणे हेच पुष्कळदा पहिले लक्षण असते. मोठ्या माणसाला आपण ‘वर बघा’ असे सांगतो, लहान मूल ते ऐकत नाही. त्याच्या डोळ्यांच्या वर बाहुली धरून हळूहळू हलवली, तर पापण्या पूर्ण उचलल्या जातात की नाही, हे स्पष्ट दिसते. वाटेत ठरावीक वेळाने हे पुन्हा करावे.

विंचूदंशातही असेच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिनचा वापर रूढ झाला आणि लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू कमी झाले. पण ते औषध दिल्यावर मुलाला उचलून उभे धरले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्यामुळे त्याला आडवेच ठेवावे लागते, आणि आईच्या खांद्यावर जाण्यासाठी हट्ट करणाऱ्या मुलाला आडवे ठेवायचे, तर त्याच्या हातात काहीतरी हवेच. मात्र या दंशातला घाम, अस्वस्थता आणि थंड पडलेले हातपाय ही विषाची लक्षणे असतात, ती भीतीच्या खात्यावर टाकू नयेत.

उत्तर २ : अतिदक्षता विभागातील परिचारिका, कोल्हापूर

डॉक्टरांनी उपयोग सविस्तर सांगितला आहे, म्हणून मी संसर्ग आणि सुरक्षितता यांविषयीच लिहिते. न्यूझीलंडमधील दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत ठेवलेल्या खेळण्यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात टणक खेळण्यांपेक्षा मऊ खेळण्यांवर कितीतरी जास्त जंतू आढळले आणि धुतल्यानंतरही ती लवकरच पुन्हा दूषित झाली. त्यामुळे एकच बाहुली पाच मुलांना देण्याची पद्धत सुरूच करू नये. जी बाहुली मुलाच्या हातात गेली, ती त्याची झाली आणि त्याच्याबरोबर घरी गेली. बचत गटाकडून बाहुल्या लहान, तळहाताएवढ्या, धुऊन सुकवलेल्या सुती कापडाच्या आणि एकेका पिशवीत बंद करून घ्याव्यात. ऑस्ट्रेलियात रेडक्रॉसचे स्वयंसेवक रुग्णवाहिकांसाठी अस्वले विणून देतात, तीही मुलाला कायमचीच दिली जातात.

बाहुलीला बटणाचे डोळे, मणी, घुंगरू किंवा सुटी दोरी नसावी. डोळे आणि तोंड दोऱ्याने भरावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासण्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, आणि तिच्यात मावणारी कोणतीही वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते, असे मानतात. विकत आणायची झाल्यास १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी मला स्वतःला फार आवडतात, पण घाटात करकचून ब्रेक लागला तर टणक वस्तू मुलाच्या किंवा डॉक्टरांच्या डोक्याला लागेल, म्हणून ती चालत्या गाडीत नकोत.

आणखी एक कळकळीची विनंती. रबरी हातमोजा फुगवून त्याचा फुगा मुलाला देण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, ती बंद करावी. तो फुटला आणि त्याचा तुकडा घशात गेला तर श्वासमार्ग पूर्ण बंद होतो आणि तो काढणे अत्यंत कठीण असते.

उत्तर ३ : बालमानसोपचार समुपदेशक, पुणे

नवी बाहुली देण्याआधी मुलाची स्वतःची एखादी वस्तू घरातून घ्यायला सांगावे. बहुतेक घरांत आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी किंवा मळकट झालेले दुपटे असतेच, आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला त्याच्या वासानेच जो आधार मिळतो तो कोऱ्या बाहुलीने मिळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर खेळण्यापेक्षा आईचा स्पर्शच हवा असतो, आणि आजारात मनाई नसेल तर अंगावर पाजणे हाही वेदना कमी करण्याचा सिद्ध उपाय आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र बाहुलीचा सर्वांत जास्त फायदा होतो, कारण या वयात आपल्या वागण्याची शिक्षा म्हणून आजार आला, असे त्यांना मनापासून वाटत असते. घराघरांत ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असे सांगितले जाते, त्याचा हा परिणाम आहे. म्हणून ‘बाहुलीला पण बरं नाहीये, आपण तिलाही औषध देऊ या’, असे म्हणावे. परंतु ‘अजिबात दुखणार नाही’, असे खोटे कधीही सांगू नये. एकदा विश्वास गेला की पुढच्या रुग्णालयातील प्रत्येक माणूस त्या मुलाला शत्रू वाटतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाने बाहुली नाकारली, तर आग्रह न धरता त्याला पट्टीचे टोक धरण्यासारखे छोटे काम द्यावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पापण्यांच्या तपासणीची पद्धत आमच्या सर्व सहकाऱ्यांना आजच सांगतो. बचत गटातील ताईंना भरतकामाच्या डोळ्यांविषयी कळवले असून त्या तयार आहेत. एका स्थानिक देणगीदाराने कापडाचा खर्च उचलण्याची इच्छा दाखवली आहे, पण बाहुली देतानाची मुलांची छायाचित्रे त्यांना हवी आहेत. काय करावे?

उत्तर ४ : परिचारिका, कोल्हापूर

डॉक्टर, छायाचित्रांना स्पष्ट नकार द्यावा. स्ट्रेचरवरचे मूल संमती देण्याच्या स्थितीत नसते आणि त्याची आई त्या क्षणी कोणत्याही कागदावर सही करते. देणगीदारांना बचत गटाच्या शिवणकामाच्या जागी बोलवावे आणि तयार बाहुल्यांचे छायाचित्र तेथे काढू द्यावे. तेवढ्यावर ते राजी झाले नाहीत, तर जुन्या सुती साड्या मागून काम चालवता येईल. बाहुलीला लागते ते किती कापड!