बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आणून पाच दिवस झाले, नुसता पडून असतो

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे चार महिन्यांचं पिल्लू आणलंय, पहिल्या दिवशी चार क्रिकेट (रातकिडे) खाल्ले आणि मग बंदच, डोळे मिटून कोपऱ्यात पडून असतं. साधा १०० वॅटचा बल्ब आहे आणि टँक खिडकीशी ठेवलाय म्हणजे ऊन मिळेल, काचेवर चिकटवलेल्या थर्मामीटरचा काटा ३४ अंश दाखवतो. आई म्हणते आजारी आहे, परत देऊन ये. मला रात्री झोप नाही हो.

गेको_वाला:
डिसेंबर आहे, ब्रुमेशन असेल. थंडीत झोपतात ते, राहू दे.

पोगोना_ताई:
नाही हो, चार महिन्यांच्या पिल्लाचं ब्रुमेशन धरून बसू नका, ते साधारण वर्षाच्या पुढे होतं. आधी तापमान मोजा. काचेवरचा काटा काचेचं सांगतो, जिथे तो बसतो तिथलं नाही. प्रोबवाला (वायरच्या टोकाने मोजणारा) डिजिटल थर्मामीटर घ्या आणि बल्बखालच्या दगडावर प्रोब ठेवा, तिथे ४० च्या आसपास पाहिजे आणि दुसरी बाजू २५ ते २८. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला प्राणी, अंगातली ऊब बाहेरून घेतो, थंड राहिला तर हलत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही, म्हणून कृपा करून जबरदस्तीने भरवू नका. आणि खिडकीचं ऊन काचेतून येतं तेव्हा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ अडतंच, त्याची वेगळी ट्यूब लागते, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. दिवसभर कोण कोण हातात घेतं त्याला?

सुदामानगर_इंदूर:
भाचे मंडळी घेतात, खरं सांगतो, दिवसभर. आत्ता मोजलं, दगडावर २९!!

पोगोना_ताई:
मग झालं ना. बल्ब जवळ आणा पण अंग टेकणार नाही इतका, आठवडाभर कोणी हात लावायचा नाही, तीन बाजूंना कापड लावा. उरलेले क्रिकेट रात्री काढून टाका, चावतात ते.

महूकर:
वजन रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. उतरत गेलं, किंवा पाय थरथरले, जबडा मऊ लागला, तर थांबू नका. ताजी शी डबीत घालून महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारा, जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असले तर त्यातच कळतं.

सुदामानगर_इंदूर:
ट्यूब लावली, दगड आता ४१. आज दुपारी तोंड उघडं ठेवून बल्बखाली बसला होता, घाबरलोच, पण ताईंनी सांगितलं की शेकताना असं करतात. संध्याकाळी दोन क्रिकेट खाल्ले. वजन ३८ ग्रॅम, उद्या परत करतो.