गावाचा इतिहास लिहायचाय, पण सुरुवात कुठून करू?

माळावरचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव छोटंसं, सोलापूरकडचा कोरडवाहू भाग, दीडशेच्या आसपास उंबरा आणि सगळी शेतीवर जगणारी माणसं. यंदा जत्रेच्या मीटिंगमध्ये ठरलं की गावाचा इतिहास लिहून काढायचा, आणि पोरगं शिकलेलं म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. आता अडचण अशी की ज्याला विचारावं तो एकच सांगतो, आमचा मूळ पुरुष महाराजांच्या सैन्यात होता आणि त्याला हे गाव इनाम मिळालं. तीन भावक्या, तीन मूळ पुरुष, आणि तिघांनाही तेच गाव इनाम! पुरावा विचारला की "आजा सांगायचा". देवळाचं तर विचारूच नका, पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणे. जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) चाळलं, त्यात आमचं नावसुद्धा नाही. किल्ला नाही, लढाई नाही, कुणी मोठा माणूस नाही. अशा गावाला इतिहास असतो का, आणि असला तर सापडतो कुठं?

दप्तरबंद
असतो की, न असायला काय झालं. महसूल खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, मूळ पुरुषांना आधी बाजूला बसवा आणि जमिनीपासून सुरू करा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार (जमीन कुणाकडून कुणाकडं गेली त्याच्या नोंदी), कडईपत्रकं (जमिनीची जुनी पत्रकं), कोतवाल बुकं (जन्ममृत्यूच्या वह्या) असतात, भूमी अभिलेखला मोजणीची टिपणं मिळतील. जुनं बरंचसं मोडी लिपीत असणार, वाचणारा माणूस आधी गाठा, नाहीतर नुसती नक्कल घेऊन घरी बसाल.

इंग्रजांची रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायची पद्धत) मोजणी तुमच्या शेजारीच सुरू झाली, इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी. त्याआधी प्रिंगल साहेबानं केली होती ती पार फसली, आकार म्हणजे सारा इतका चढवून ठेवला की लोक शेतं टाकून निघून गेले. मग या दोघांनी आकार कमी करून तीस वर्षांसाठी कायम केला. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही बांधावरची भांडणं याच हिशोबात चालतात.

एक चूक मात्र सगळे करतात. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एकच धरून चालतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतर ज्या गावांत जमिनीचे तुकडे जोडून एकत्रीकरण झालं तिथं नंबर बदललेत. जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा आधी काढा, नाहीतर एकाच्या रानाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर लिहाल आणि जत्रेत मार खाल.

फेरफार वाचताना नुसती नावं बघू नका. एखाद्या वर्षी गहाण आणि खरेदीच्या नोंदी एकदम वाढल्या की समजायचं त्या साली पाऊस दगा देऊन गेलाय किंवा भाव पडलेत. आणि १९५७ नंतरचे कुळांचे फेरफार सोडू नका. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या तारखेला दुसऱ्याचं रान कसणारं कूळ कायद्यानं मालक धरलं गेलं. कुणाचं नाव त्यातून वर आलं आणि कुणाचं नाव खोडलं गेलं, हे गावात कुणी तोंडानं सांगणार नाही, कागद सांगतो.

सावड
काकांचं बरोबर आहे पण कागद कुठं पळून जात नाहीत, म्हातारी माणसं जातायत. आधी त्यांच्याकडं जा. आणि "आज्जी, गावाचा इतिहास सांगा" असं चुकूनही विचारू नका, लगेच पांडव येतात. असं विचारा की विहिरीवर बैलांची मोट कुणाकुणाची होती, तिचा नाडा (दोर) कोण वळायचं, गावात पहिलं इंजिन कुणी आणलं, इर्जिकीला (सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायला) किती औतं यायची, सावड (एकमेकांच्या रानात आळीपाळीनं काम) कुणाकुणात चालायची. माणूस एकदम मोकळा होतो, मग अडवावं लागतं.

मी आमच्याकडं एका आज्जीला फक्त पेवाबद्दल विचारलं होतं. तासभर बोलल्या. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि वरून माती थापून बंद. उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, विझला तर हवा अजून वाईट आहे. त्यांच्या चुलत्याला घाई नडली होती. हे सांगताना त्या एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "त्या सालची ज्वारी कुणी खाल्ली नाही." ही गोष्ट कुठल्या दप्तरात सापडणार?

आणि ७२ चा दुष्काळ बायकांना विचारा. पुरुष पुढारी कोण आला होता ते सांगतात, बायका सांगतात खडी फोडून हात कसे झाले, लाल मिलो ज्वारी कशी लागायची, पाझर तलावाच्या कामावर तान्ही पोरं कुणाच्या ताब्यात ठेवायची. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ ला.

वेशीबाहेरचा
वाचतोय मघापासून. सर्व्हे नंबर झाला, पेव झालं. पण हा कुणाचा इतिहास लिहिणार आहात? काळी (शेतजमीन) कसणारे आणि पांढरीवर (गावठाणात) राहणारे म्हणजेच गाव असं धरून बसलात तर अर्धं गाव बाहेरच राहिलं, पूर्वी राहायचं तसंच. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिलं त्यात बलुत्याची (गावकामाबदली धान्य द्यायची) सगळी रचना आहे, वाचा जरूर, पण लिहिणारा सरकारी कामदार आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

तुमच्या उताऱ्यावर 'हाडोळा' किंवा 'हाडकी' नावाचं रान आहे का बघा. ती महार वतनाची जमीन. शीव दाखवायची, टपाल आणि सारा पोचवायचा, मेलेली ढोरं ओढायची, रात्री-अपरात्री चावडीवर हजर राहायचं, आणि बदल्यात तो तुकडा आणि खळ्यावरची पसाभर ज्वारी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात याच वतनावर बिल आणलं होतं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. आता ते रान कुणाच्या ताब्यात आहे ते गटवारीत बघा आणि पुस्तकात छापायची हिंमत आहे का तेही जत्रेच्या मीटिंगमध्ये विचारून घ्या.

दप्तरबंद
वेशीबाहेरचा, मुद्दा शंभर टक्के मान्य. ते नोंदीत स्पष्ट दिसतं, बघणाऱ्याला.

पाटाचं पाणी
"मोठा माणूस नाही" हे वाचून राहवलं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता, १९१७ ला छापला. तेव्हा ते साधं खेडं, तुमच्यासारखंच. त्यांनी जुन्या दप्तरातून काढलं की सरासरी धारण क्षेत्र १७७१ ला ४० एकर होतं, १८१८ ला साडेसतरा, पुढं १४, आणि १९१४-१५ ला ७ एकर. बास, एवढ्या चार आकड्यांत दीडशे वर्षांच्या वाटण्या दिसतात. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये टॉवर उभे आहेत आणि लोक फ्लॅट बघायला जातात. तुमच्या गावाचे असे चार आकडे काढा, पांडव आपोआप मागं पडतील.

माळावरचा
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. तहसीलला चार चकरा झाल्या, थोडे फेरफार मिळाले. हाडोळा निघाला आमच्यातही, आणि तो सध्या कसतोय आमचाच चुलत आजा. घरात सांगितलं तर आई म्हणाली लिही, बाप उठून रानात गेला. तीन मूळ पुरुषांचं भांडण चालूच आहे पण एकाही भावकीच्या नावाला जुन्या कागदात इनाम शब्द लागलेला नाही अजून तरी.

एक अडलंय. १९३० च्या पुढच्या बऱ्याच नोंदींत आमच्या पणजोबाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' असं लिहिलंय. मला वाटलं पदवी आहे.

दप्तरबंद
हाहा, पदवी नाही हो. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे ते रान त्यांच्या एकट्याचं नव्हतं, भाऊ त्या तीन अक्षरांमागं आहेत. त्यांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार काढा, आणि बहिणींची नावं आहेत का तेही बघा.