पोकळ अक्षरं आणि शिरोरेषेवरचे काप

टेको या देवनागरी फाँटमध्ये ‘गणेशोत्सव’ लिहून नुसती बाह्यरेषा ठेवली की शिरोरेषेवर उभ्या रेघा दिसतात, फाँट सदोष आहे का, असा प्रश्न आलाय. फाँट अगदी नीट आहे. देवनागरीत शिरोरेषा सलग दिसावी म्हणून बहुतेक फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. भरीव अक्षरात ते कळत नाही. स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, दिला की मात्र प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र निघते आणि जोडावर काप दिसतात. रोमन अक्षरं सुटी असल्याने तिथे सहसा हा त्रास होत नाही.

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी क्रिएट आउटलाइन्स (मजकुराचे आकार होतात), मग पाथफाइंडरमधलं युनाइट (आकार एकमेकांत मिसळतात), आणि स्ट्रोक त्यानंतरच. मजकुराची एक प्रत जपून ठेवा, नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. पार्श्वभूमी एकरंगी असेल तर सोपा मार्ग आहे: खाली जाड स्ट्रोकचा थर, वर तोच मजकूर पार्श्वभूमीच्या रंगात. मागे फोटो असेल तर हे चालणार नाही.

टेकोसारख्या अरुंद फाँटमध्ये जाडीही जपायला हवी. स्ट्रोक कडेवर मध्यभागी असला तर निम्मा आत जातो, आणि आत जागा असतेच किती! फ्लेक्सवर लांबून वाचायचं असेल तर ब, ष आणि क्ष आधी तपासा. बच्या पोटातली तिरकी रेघ बुजली की त्याचा सरळ व होतो. मी तर अशा शीर्षकाखालची तारीख, वेळ, पत्ता कायम भरीव अक्षरातच ठेवते.