नळ दहा दिवसांनी, कोरडा दिवस दर आठवड्याला : अळ्या सापडल्या तर दंड करावा का?

मांजराकाठ :
आमच्या पालिकेनं काल भोंगा फिरवला. घरात डासाच्या अळ्या सापडल्या तर आधी नोटीस, मग दंड. माझं मत, करावाच. तीन पावसाळे मी कंटेनर सर्वेक्षण केलंय. रांजणात टॉर्च मारायचा, अळी दिसली की भांडं उपडं करायला सांगायचं, जमत नसेल तर अबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकायचं. पुढच्या खेपेला त्याच रांजणात तीच वळवळ. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो हे सांगून घसा बसला. लोक नालीकडंच बोट दाखवतात.

रिकामी घागर :
नळ दहाव्या दिवशी. कोरडा दिवस पाळायचा म्हणून सातव्या दिवशी टाकी सांडून दिली तर पुढं काय प्यायचं, तुमची नोटीस? 2016 ला लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ते दिवस काढलेल्या बाईला बॅरल पालथा कर म्हणून सांगून बघा! अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, नळही तेवढ्यानंच येतो. पहिली नोटीस पाणीपुरवठ्याला काढा.

मांजराकाठ :
सांडा कोण म्हणतंय? कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या अन् रिकामं आतून घासा. अंडी काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. तोंडाला जुनं धोतर बांधायला तर पाणीही लागत नाही.

गप्पीदास :
भांडता कशाला, गप्पी मासे सोडा.

रिकामी घागर :
पिण्याच्या रांजणात? आमची सासू मला रांजणासकट बाहेर काढील.

आशाताईंची लेक :
तुम्ही गावाकडचा हिशेब करा. पाच हजार लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र, म्हणजे धरा हजार घरं. एका माणसानं रोज पन्नास केली तरी फेरी पुरी व्हायला वीस दिवस. तोवर अळीचा डास होऊन उडूनही गेला. त्यात लसीकरण, क्षयरोगाची पाहणी, टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, तपासणी त्याच माणसाकडं. अन् एकदा पावती फाडली की पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. ताप आलेलाही लपवतात. दंड करायचाच तर बांधकामावरच्या हौदांना अन् पंक्चरवाल्यांच्या टायरांना करा. तिथं मात्र कुणाचा तरी फोन येतो, मग पावतीबुक पिशवीतच राहतं.

मांजराकाठ :
फोनाचं खरंय, मलाही आलेत. बरं, घरं सोडू, टायर अन् हौद धरू. पण घरातली टाकी घासायची कधी, ते तरी ठरवा.

रिकामी घागर :
नळाच्या आदल्या दिवशी. तेव्हा ती तशीही तळाला गेलेली असते. फक्त नळाचा दिवस पक्का सांगायला लावा. या खेपेला शुक्रवारी म्हणतात. गुरुवारी या टॉर्च घेऊन.