स्वॅप फाइल वापरताना फाइल सिस्टिम आड येत नाही का?

प्रश्न

माझ्या लिनक्स संगणकात स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की तिच्यातील मजकूर डिस्कवर ठेवण्याच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन नाही आणि डिस्कची पुन्हा विभागणी करण्याची माझी तयारी नाही, म्हणून ४ जीबीची स्वॅप फाइल करायचे ठरवले. 'ट्रंकेट' या कमांडने फाइल क्षणात तयार झाली, तिची स्वॅप म्हणून आखणी करणाऱ्या 'एमकेस्वॅप'नेही काही तक्रार केली नाही, परंतु स्वॅप चालू करणाऱ्या 'स्वॅपऑन'ने फाइलमध्ये भोके असल्याचे सांगून ती नाकारली. तीच फाइल 'डीडी'ने शून्ये लिहून केली तेव्हा मात्र लगेच चालली. दोन्ही वेळा आकार सारखाच दिसत असताना हा भेद का?

दुसरी शंका याहून मोठी आहे. रॅम संपत आली की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वॅपकडे वळतो. पण फाइलमध्ये लिहायचे तर फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) कोड चालणार आणि त्यालाही मेमरी लागणार. मेमरी मोकळी करण्यासाठीच मेमरी हवी, अशा कोंडीत यंत्रणा सापडत कशी नाही?

उत्तर

आपल्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. साधा प्रोग्राम फाइलमध्ये ज्या मार्गाने लिहितो, त्या मार्गाने कर्नल स्वॅप फाइलमध्ये लिहीतच नाही. 'स्वॅपऑन' दिल्याबरोबर तो फाइल सिस्टिमकडून एकदाच माहिती घेतो: या फाइलचा पहिला तुकडा डिस्कवरील कोणत्या ब्लॉकपासून (डिस्कवरील जागेच्या ठरावीक तुकड्यापासून) कुठपर्यंत आहे, त्यापुढचा कुठे आहे, आणि असेच शेवटपर्यंत. हा नकाशा तो मेमरीत ठेवतो. पुढे ४ केबीचे एखादे पान (मेमरीचा तुकडा) बाहेर काढायचे झाले, की नकाशात जागा पाहून ते थेट त्या ब्लॉकवर पाठवले जाते. फाइल सिस्टिमला विचारले जात नाही आणि तिच्या जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंदही होत नाही. त्यामुळे कर्नल २.६ पासून स्वॅप फाइल आणि स्वॅप पार्टिशन यांच्या वेगात सांगण्यासारखा फरक उरलेला नाही. फाइलचे फार तुकडे झालेले नसावेत, एवढेच.

आता भोकांविषयी. 'ट्रंकेट' फक्त फाइलची लांबी नोंदवतो, ब्लॉक एकही देत नाही. एरवी असा ब्लॉक पहिल्यांदा लिहिताना दिला जातो. पण तो देणे हे फाइल सिस्टिमचे काम, म्हणजे ऐन टंचाईत आपण म्हणता तीच कोंडी. म्हणून नकाशात रिकामी जागा दिसताच कर्नल फाइल नाकारतो. कर्नल नकाशावरच विसंबून असल्याने स्वॅप चालू असेपर्यंत ती फाइल रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) पुसता येत नाही: तिचे ब्लॉक दुसऱ्या फाइलला मिळाले, तर मेमरीतील पाने त्या फाइलवर जाऊन पडतील.

आणखी एक उत्तर

वरील विवेचन एक्स्ट४ किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिमसाठी अचूक आहे, पण सर्वत्र लागू नाही. एनएफएसवरील (नेटवर्कवरून वापरायच्या फाइल सिस्टिमवरील) फाइलच्या बाबतीत खाली ब्लॉकच नसतात, त्यामुळे पाने फाइल सिस्टिममधून आणि नेटवर्कवरूनच जातात. तेथे कोंडी टाळण्यासाठी मेमरीचा राखीव साठा वापरण्याची खास व्यवस्था कर्नल ३.६ मध्ये करावी लागली. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमची अडचण वेगळी. ती प्रत्येक लेखनाच्या वेळी मजकूर नव्या ब्लॉकवर नेते, म्हणजे एकदा काढलेला नकाशा लगेच खोटा ठरतो. म्हणून तेथे स्वॅप फाइल कर्नल ५.० पासूनच चालते, तीही त्या फाइलसाठी कॉपी-ऑन-राइट (नव्या ब्लॉकवर लिहिण्याची हीच पद्धत) आणि कॉम्प्रेशन बंद असेल तरच. शिवाय स्वॅप चालू असताना त्या सबव्हॉल्यूमचा (फाइल सिस्टिमच्या त्या स्वतंत्र भागाचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेता येत नाही.

प्रश्नकर्ता

आता उलगडा झाला. 'डीडी'ला वेळ फार लागतो. जागा आधीच राखणारी 'फॅलोकेट' कमांड चालेल का? तसेच हायबरनेशनसाठी (मेमरीची प्रतिमा डिस्कवर जतन करून संगणक बंद करण्यासाठी) हीच फाइल पुरेल का?

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

एक्स्ट४वर 'फॅलोकेट' चालते, कारण त्यात ब्लॉक खरोखर राखून ठेवले जातात, फक्त 'अजून न लिहिलेले' अशी खूण त्यांवर असते. एक्सएफएसवर कर्नल ४.१८ पूर्वी अशी फाइल नाकारली जात असे. परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा) ठेवायला विसरू नका. मेमरीतील पासवर्डही त्या फाइलमध्ये उतरू शकतात.

हायबरनेशनसाठी आकार पुरेसा हवा, आणि एक पायरी जास्त आहे. संगणक पुन्हा सुरू होताना जतन केलेली प्रतिमा फाइल सिस्टिम माउंट होण्याआधीच (वापरासाठी जोडली जाण्याआधीच) वाचायची असते, त्यामुळे फाइलचे नाव सांगून उपयोग नाही. फाइल ज्या पार्टिशनवर आहे ते 'रिझ्यूम'मध्ये आणि तिचा पहिला ब्लॉक 'रिझ्यूम_ऑफसेट'मध्ये, अशा कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या दोन पर्यायांत, द्यावा लागतो. एक्स्ट४वर हा आकडा 'फाइलफ्रॅग' या कमांडने मिळतो. फाइल पुसून नव्याने केली की आकडा बदलतो, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते.

आकाराचाही आधीच विचार करावा. विंडोजची स्वॅप फाइल 'पेजफाइल.सिस' गरजेप्रमाणे स्वतः वाढू शकते, तर मॅकओएस लागेल तशा नव्या स्वॅप फाइली तयार करते. लिनक्समध्ये नकाशा एकदाच निघत असल्याने चालू फाइल वाढवता येत नाही. कमी पडली तर दुसरी फाइल करून तीही 'स्वॅपऑन' करावी. पहिली बंद करायची असेल तर तिच्यातील सर्व पाने रॅममध्ये किंवा दुसऱ्या स्वॅपमध्ये मावतील इतकी जागा आधी मोकळी असली पाहिजे.